वस्तीची साक्ष वस्तीनेच नोंदवावी

गावाकडचा पाहुणा प्रथमच आपल्या घरी यावयाचा असला म्हणजे आपण त्याला वाट कशी सांगतो? राजाबाई टॉवर किंवा गेटवे ऑफ इंडिया यांचे नाव आपण घेत नाही. ‘पिठाच्या गिरणीवरून आत वळा, पुढे नळ लागेल, नळासमोरच्या चाळीत दुसऱ्या जिन्याने वर या,’ असेच आपण सांगतो. ज्या खुणा पाहुण्याला सांगाव्या लागतात, त्याच त्या वस्तीच्या खऱ्या खुणा होत. गेटवेची छायाचित्रे आजवर किती निघाली याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. परंतु आपल्या नळाचे, जिन्याचे, गिरणीचे एक तरी छायाचित्र आपल्या घरात आहे काय? लग्नाचे आहे, बारशाचे आहे, जयंतीच्या मिरवणुकीचे आहे. ज्या जागेत हे सारे घडले, त्या जागेचे मात्र नाही. ही उणीव आपण स्वतःच, आणि लवकर, भरून काढली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लवकर म्हणण्याचे कारण उघड आहे. मुंबईतील बी. डी. डी. चाळींचेच उदाहरण घ्या. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जाणारा डिलाईल रोड येथे या चाळी उभारल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचालये सामाईक. गिरणीकामगारांच्या, पोलिसांच्या, सफाई कामगारांच्या कित्येक पिढ्या येथे वाढल्या. आता यांपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास म्हाडातर्फे चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. चाळी जशाच्या तशा राखा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १६० चौरस फुटांत आठ-दहा माणसांनी राहण्यात कसलेही सौंदर्य नाही, आणि ते पाहून हळहळणारा सहसा तेथे राहिलेला नसतो. परंतु घर बदलणे वेगळे आणि आपण कोठून आलो याचा पुरावाच नाहीसा होणे वेगळे.

यावर कोणी म्हणेल, ‘या गलिच्छ चाळींत छायाचित्र काढण्यासारखे आहे तरी काय? ते दारिद्र्य विसरलेलेच बरे.’ ही लाज समजण्यासारखी आहे. तिचे मूळही आपण समजून घेतले पाहिजे. या देशात कॅमेरा आला तो आपल्या हाती आला नाही. विल्यम जॉन्सन याने १८६० नंतर मुंबईतील जातीजमातींचे छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केले. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांत माणसे जातीचे नमुने म्हणून उभी केलेली आहेत. पुढे स्वतंत्र भारतात १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणना झाली आणि झोपडीधारकांना फोटोपास मिळाला. तो कागद मोलाचा आहे यात शंका नाही. पण त्यातही छायाचित्र निघाले ते सरकारी दफ्तराच्या गरजेपुरते. कधी जातीचा नमुना म्हणून, कधी झोपडीचा धारक म्हणून आपले चित्र दुसऱ्यांनी काढले. आपण कोणत्या जागेला सभेची जागा मानली, कोणत्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचले, कोणत्या दिव्याखाली अभ्यास केला, हे त्या चित्रांत येणार कोठून?

येथे परदेशातील एक दाखला उपयोगी पडेल. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६६ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. गरिबांच्या दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करावयाचे, हा त्याचा हेतू. पाडण्यापूर्वी त्या गल्ल्यांची छायाचित्रे काढण्याचे काम थॉमस अॅनन या छायाचित्रकाराकडे सोपविण्यात आले, आणि १८६८ ते १८७१ या काळात त्याने ते केले. ती छायाचित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. गल्लीचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव त्यांखाली आहे. दोरीवर वाळणारे कपडे त्यांत दिसतात. दाराशी उभी माणसे दिसतात, कित्येक तर हलल्यामुळे पुसट झालेली. पण त्यांची नावे कोठेही नाहीत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, तो याच ग्लासगोच्या नमुन्यावर. त्याच ट्रस्टच्या परळ येथील चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब कित्येक वर्षे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ती शेकडो चाळींसारखीच एक चाळ. तिचा जिना आणि तिची मोरी टिपून ठेवावी असे तेव्हा कोणाला वाटले असते काय? कोणती सामान्य जागा उद्या इतिहासाची ठरेल, हे आज सांगता येत नाही. सबब सामान्य जागांचीच नोंद ठेवावी लागते.

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे या गोष्टीकडे पुराव्याच्या दृष्टीनेही पाहतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसे मरण पावली. गॅसचे टँकर पेटविले जाणार होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा पोलिसांचा बचाव होता. तेव्हा टँकर नेमके कोठे उभे होते आणि माणसे कोठे पडली, ही दोन जागांमधील अंतराची बाब चौकशीत कळीची ठरली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. यातून घ्यावयाचा धडा असा की, ज्या कोपऱ्याकडे, ज्या दिव्याच्या खांबाकडे आपण रोज दुर्लक्ष करतो, त्याच्यावरून एखाद्या दिवशी सत्य मोजावे लागते.

मग काय टिपावे? पुतळा आणि विहार तर टिपावेच. पण तेवढ्यावर थांबू नये. चाळीच्या क्रमांकाची पाटी, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधील लांब व्हरांडा, झिजलेल्या पायऱ्या, पाण्याची पिंपे, वाचनालयाचा फलक, व्यायामशाळेचे दार, चहाचे दुकान, इस्त्रीवाल्याचे टेबल, बसचा थांबा, शाळेचे फाटक, सभेचे मैदान हे सर्व टिपावे. सामाईक शौचालयही टिपावे. ते वगळून जे चित्र होईल ते खोटे होईल. नवदीक्षित कुटुंबांनी आपल्या घरातील समोरची भिंतही टिपून ठेवावी. १९५६ नंतर असंख्य घरांत त्या भिंतीवरील जुन्या देवांच्या तसबिरी उतरल्या आणि बुद्धाची व बाबासाहेबांची छायाचित्रे तेथे आली. धर्मांतर घराघरांत कसे उतरले, हे त्या भिंतीइतके स्पष्ट दुसरे काही सांगू शकत नाही.

कसे टिपावे, याचे नियम सोपे आहेत. त्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही, खिशातील मोबाईल पुरेसा आहे. प्रत्येक जागेची दोन छायाचित्रे घ्यावीत. एक लांबून, शेजारच्या इमारती दिसतील असे, आणि एक जवळून. त्याच ठिकाणी उभे राहून सकाळी नळावरील गर्दीच्या वेळी, भर दुपारी आणि रात्री दिवे लागल्यावर टिपावे. म्हणजे वस्तीचा स्वभाव दिसू लागेल. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा टिपावे. तारीख, वेळ, ठिकाण आणि टिपणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. मूळ फाईलमध्ये रंग उजळणे, काटछाट करणे असे फेरफार करू नयेत. तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. निवडक छायाचित्रे कागदावर छापून मागे पेन्सिलीने मजकूर लिहावा. मोबाईल बिघडतो, हरवतो. कागद नातवापर्यंत पोहोचतो.

कायद्याच्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ अन्वये इमारतीचे किंवा सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. दुसरी अशी की, आपण स्वतःसाठी टिपलेल्या छायाचित्राचे पहिले मालक आपणच असतो. सबब विहाराच्या किंवा वाचनालयाच्या संग्रहाला ते देताना परवानगी लेखी द्यावी. तिसरी अशी की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी फाईल पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ फाईल आणि ती ज्यात टिपली तो मोबाईल जपला असेल, तर हे काम पुष्कळ सुकर होते.

कायद्याहून मोठी गोष्ट माणसाच्या प्रतिष्ठेची. खासगी आयुष्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. नळावर कपडे धुणाऱ्या भगिनीचे, खाटेवरील आजाऱ्याचे छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय काढू नये. इतरांनी आपल्याला नमुन्यासारखे टिपले, तसे आपण आपल्याच माणसांना टिपले तर फरक काय राहिला? विचारावे, नाव लिहावे, आणि छापलेली एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.

२५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले. ढिगाऱ्याची छायाचित्रे त्या दिवशी घरोघरी पोहोचली. तेथे आयुष्यभर सभांना गेलेल्या आपल्यापैकी किती जणांकडे त्या उभ्या इमारतीचे, तिच्या दाराचे, साध्या एका दिवसाचे छायाचित्र होते? प्रत्येकाने आपल्या घरापुरते याचे उत्तर शोधावे. पाडल्यानंतर निघते ते नुकसानीचे चित्र. उभे असताना निघते ते हक्काचे. आपली चाळ, आपली गल्ली, आपला नळ आज उभा आहे. येत्या रविवारी घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या, एक वही घ्या, आणि पाहुण्याला वाट सांगताना ज्या खुणा सांगता, तेथून आरंभ करा.