तीस प्रतींचा खर्च कोण देणार?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो आधी नकाशा मागतो. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट तिकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले; बेला, जैनथ, तामसी इकडे राहिले. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी त्याच आणि कापूसही तोच. शाळा मात्र हैदराबादच्या आदेशावर चालते. याच शाळांमधून मी लहान वर्गांना वाचायला शिकवत आले. तंत्रज्ञानाने वाचन सुधारणार, असं हल्ली उठताबसता ऐकते, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडचा दुसरीचा वर्ग बघा. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या गोंडी किंवा कोलामी, तांड्यावरून येणाऱ्या बंजाऱ्यांच्या घरी गोरमाटी. क्रमिक पुस्तक मराठी. 2018 च्या कायद्यापासून तेलुगू सक्तीची, आणि इंग्रजी आहेच. म्हणजे हाताला वळण लागायच्या वयात तीन लिप्या. तेलुगूबद्दल माझी तक्रार नाही. बसची पाटी आणि तहसीलचा कागद वाचता आलाच पाहिजे. पण या पोराने आधी कशावर वाचायला शिकायचं, याचा विचार वरून येणाऱ्या सामानात फारसा नसतो.

एका शाळेत भिंतीएवढा डिजिटल पडदा आला. त्यात तेलुगू होतं, इंग्रजी होतं. मराठीसाठी ‘यूट्यूबवर शोधा’ असं उत्तर मिळालं. फोनवरचं वाचनाचं एक ॲपही मी वापरलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि चुकल्यावर थांबवतं. लाजरी मुलं त्याच्यापुढे खुलतात, हे खरं. पण आमची पोरं ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, ‘पाणी’ला ‘पानी’. ती अक्षर बरोबर ओळखतात, फक्त घरच्या उच्चारात वाचतात. शिक्षिकेला हा फरक कळतो. यंत्र मात्र तिथेच अडतं, आणि आपल्याला वाचता येत नाही असा त्या मुलाचा समज होतो.

मुलांच्या भाषेतून वाचायला शिकवण्याचं काम याच भागात एकदा नीट झालं होतं. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवलं. 1943 मध्ये त्यांनी मारलवाईला (तेव्हा आदिलाबाद जिल्हा, आता कुमराम भीम आसिफाबाद) गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचं केंद्र सुरू केलं. तिथली वाचनमाला गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत छापली होती. इथल्या बाजारात मराठी चालायची. देवनागरी आली की पोराला पुढे मराठीही वाचता येणार, हा साधा व्यवहार त्यामागे होता. आपले सेतुमाधवराव पगडी त्याच काळात या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून त्या भाषांची व्याकरणं लिहिली. (आजच्या किती अधिकाऱ्यांना ‘पाणी’ला गोंडीत काय म्हणतात ते सांगता येईल?) यंत्र म्हणाल तर एक छापखाना, बाकी सगळी माणसं. पुढे आंध्र प्रदेश झाला आणि त्या शाळांत गोंडी-मराठीच्या जागी तेलुगू आली.

आज साधनांची ददात नाही. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांत गोंडीची स्वतंत्र लिपी सापडली आणि 2018 मध्ये ती युनिकोडमध्ये गेली. फॉन्ट झाला, त्याचा आनंदच आहे; पण मुलांच्या हाती गोष्टी फॉन्टमुळे पडत नाहीत, कुणीतरी त्या लिहाव्या लागतात. 23 फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळेतले शिक्षक थोडासम कैलाश यांचं नाव घेतलं. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरून कोलामी गाणं तयार केलं. सगळ्यांनी कौतुक केलं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं. मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की मास्तर वरून सामान यायची वाट बघत बसले नाहीत.

माझी पद्धत याहून साधी. कापूस वेचणाऱ्या एखाद्या आईला बोलतं करायचं. तिची गोष्ट फोनवर बोलून टाइप करायची, मग दुरुस्त करायची. मोठा टाइप, एका ओळीत एक वाक्य. दोन कागद मधून दुमडले की आठ पानांची पुस्तिका झाली. झेरॉक्सच्या दुकानात तीस प्रती. आपल्या ओढ्याचं, आपल्या बैलाचं नाव छापलेलं दिसलं की पोरगं तीच पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचतं. एरवी ज्याला ‘वाच रे’ म्हणून मागे लागावं लागतं, तो ती घरी नेऊन आजीला वाचून दाखवतो. गोंडी घरातल्या मुलांसाठी एका पानावर गोंडी आणि समोरच्या पानावर मराठी. दोन्ही देवनागरीत, मारलवाईसारखंच. वरच्या वर्गांसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी तर छापायला आणि दुसऱ्या भाषेत न्यायलाही मोकळ्या आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, घरच्या बोलीतल्या अशा पुस्तिकांनी मुलांची भाषा बिघडेल. चौथीपर्यंत प्रमाण मराठी यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जे मूल वाचतच नाही, त्याला ती कुठल्या वाटेने येणार?

अडतं ते छपाईपाशी. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला पाच हजार रुपये धरलेले असतात. त्यातून बाहेरची छापील पुस्तकं येतात आणि पुष्कळ ठिकाणी ती कपाटात जातात. शिक्षिकेने लिहिलेल्या पुस्तिकेच्या झेरॉक्सचं बिल कुठल्या खात्यात घालायचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही. ते माझ्या पर्समधूनच गेलं. त्या पाचातले दोन हजार स्थानिक छपाईसाठी मोकळे करावेत. मंडलातल्या शाळांनी एकमेकींच्या पुस्तिका वापराव्यात, म्हणजे वीस शाळांनी एकेक लिहिली तरी प्रत्येकीकडे वीस होतील. किनवट-राजुऱ्याकडच्या शिक्षकांशीही देवाणघेवाण व्हावी. त्यांच्याकडेही गोंड-कोलामांची मुलं आहेत.

आमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात. हे दोन हजार मोकळे करण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला तर मे महिना लिहायला पुरतो. कापूस वेचून झालेला असतो आणि आयांनाही बोलायला वेळ असतो.