द्राक्षमळ्याचा सातबारा

परदेशप्रवासाचा बेत आखताना आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांच्या यादीत हल्ली द्राक्षमळ्यांची आणि वाइनच्या तळघरांची नावेही उतरू लागली आहेत, याबद्दल नाक मुरडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. माझी तक्रार आहे ती त्या नावांच्या संख्येविषयी. ज्या तडफेने आपण अष्टविनायक दोन दिवसांत उरकतो, त्याच तडफेने दिवसाला पाच-पाच तळघरे पालथी घालण्याचे मुक्रर करतो, आणि दिवेलागणीला जिभेस ना सकाळच्या पेल्याची ओळख उरते, ना दुपारच्या.

हा माझ्याच पदरचा अनुभव आहे. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, बोन या तटबंदीच्या गावी मुक्काम ठोकून आम्ही अशीच पाच नावांची यादी केली होती. दुसऱ्या मळ्याच्या दाराशी पोहोचलो तेव्हा बाराला पाच मिनिटे कमी होती; यजमानीणबाईंनी ओले हात पुसत, अत्यंत सौजन्याने, बारा ते दोन ही जेवणाची वेळ असल्याचे सांगितले आणि दार लावून घेतले. पुढले दोन तास आम्ही एका दगडी कुंपणाच्या वीतभर सावलीत काढले. चौथ्या तळघरात पोहोचेतो सारेच पेले सारखे लागू लागले होते. गाडी चालवणारे आमचे मेव्हणे मात्र, लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम मद्यार्क भरला की तेथे वाहनचालक गुन्हेगार ठरतो या धास्तीने, दिवसभर कोरडे राहिले. आणि रात्री जेवताना कोणत्या गावी काय पाहिले हे सांगता आले ते त्यांनाच.

वास्तविक त्या बाईंकडे दोष नव्हता. बर्गंडीतील बहुतेक मळे म्हणजे कारखाने नव्हेत, ती खातेदारांची घरे आहेत. जो माणूस हिवाळ्यात वेलींची छाटणी करतो, तोच हिशेबाच्या वह्या लिहितो आणि तोच पाहुण्यांना दार उघडतो. म्हणून काही आठवडे आधी पत्र धाडून वेळ ठरवून घ्यावी, रविवार टाळावा, आणि तोडणीच्या दिवसांत, म्हणजे बहुधा सप्टेंबरात, तेथे कोणास आपल्याशी बोलायला उसंत नसते हे समजून असावे. दिवसाकाठी दोन भेटी, एक सकाळी दहाची आणि एक दुपारी तीनची, एवढेच माझे आताचे प्रमाण आहे. मधला वेळ शिवारासाठी राखावा.

कारण त्या प्रांताचे खरे दप्तर शिवारातच उघडते. तेथे शेताच्या नाव असलेल्या, हद्दी ठरलेल्या तुकड्याला 'क्लीमा' म्हणतात. असे 1247 तुकडे 2015 साली युनेस्कोने जागतिक वारशात दाखल केले. एका गाडीवाटेच्या अलीकडची वाइन एका मोलाची आणि पलीकडची तिच्या अनेकपट मोलाची, हा प्रकार ज्याने सातबारा, बांध आणि भाऊबंदकी पाहिली आहे त्या मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही. वुजोचा प्रसिद्ध मळा घ्या. सिटोच्या मठातील साधूंनी मध्ययुगात लावलेला आणि भिंतीने वेढलेला हा सुमारे 50 हेक्टरांचा मळा फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारजमा झाला, पुढे विकला गेला, आणि खरेदीखते व समान वाटणीचा वारसा कायदा यांच्या योगाने आज सुमारे ऐंशी मालकांत विभागला गेला आहे. बाटलीवर नाव सर्वांच्या एकच. परंतु वरच्या अंगाची चुनखडीची जमीन पाणी झरू देते आणि खालच्या अंगाची, हमरस्त्यालगतची चिकण जमीन ते धरून ठेवते. तेव्हा भिंतीआत आपल्या यजमानाच्या ओळी नेमक्या कोठे आहेत हे विचारणे अगोचरपणाचे नाही. हा प्रश्न ऐकून माझ्या एका वृद्ध यजमानाने पेला खाली ठेवला, खडूने पिंपाच्या झाकणावरच शिवाराचा नकाशा काढला, आणि मग पत्नीच्या माहेराकडून आलेल्या तीन ओळींची हकीकत सांगण्यात पाऊण तास घालवला.

त्या पाऊण तासात आम्ही चाखले तीनच पेले. काचेच्या नळीने पिंपातून काढलेली ती वाइन घोटभर तोंडात फिरवून पिकदाणीत टाकायची असते. रस्तोरस्ती पिचकाऱ्यांची चित्रकला मिरवणारे आपण लोक या एकाच ठिकाणी थुंकण्यास लाजतो, ही मौज आहे. लाजू नये. न गिळणारा पाहुणा तेथे जाणकार समजला जातो. चाखण्याचे मूल्य घेतले नसेल तर निघताना एखाद-दोन बाटल्या विकत घेण्याचा रिवाज पाळावा, मात्र मायदेशी परतताना माणशी दोनच लिटर मद्य जकातीवाचून आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर एक निम्मी.

आमच्या त्या वृद्ध यजमानाने निम्म्या बाटल्या भरल्याच नव्हत्या. त्याने दोन दिल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि पिंपावरचा नकाशा तळहाताने पुसून टाकला.