हिवताप उतरला, मूत्रपिंडाचे काय?

हिवताप हा आपल्याकडे इतका ओळखीचा रोग आहे की, त्याचे भय आता कोणाला फारसे उरलेले नाही. थंडी भरते, हुडहुडी सुटते, अंग तापते आणि घाम येऊन ताप उतरतो. घाम सुटला म्हणजे संकट टळले, असा समज घरोघर रूढ आहे. हा समज घातक आहे. काही रोग्यांची मूत्रपिंडे ताप उतरत असतानाच निकामी होऊ लागतात. आणि रोग्याला लघवी किती झाली, हा साधा प्रश्नदेखील तोवर कोणी विचारलेला नसतो.

गाफीलपणाची किंमत या रोगाने राष्ट्राकडून एकदा वसूल केलेली आहे. डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसले ते सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. स्वतंत्र भारताने १९५३ साली नियंत्रणाची व १९५८ साली निर्मूलनाची मोहीम उघडली. १९४७ साली सुमारे साडेसात कोटी रोगी होते असा अंदाज होता. १९६५ साली ती संख्या एक लाखाच्या आसपास आली. पण विजय मिळाला असे मानून आपण सैलावलो आणि १९७६ साली रोगी चौसष्ट लाखांवर गेले. हाच सैलपणा आज आपण रोग्याच्या खाटेपाशी दाखवीत आहोत.

मूत्रपिंडाला इजा होते ती कशी? फाल्सिपेरम जातीचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून रक्ताचा प्रवाह रोखतात. असंख्य पेशी फुटतात आणि त्यांतील हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांना बाधते. त्यात ओकाऱ्या, घाम व उपवास यांनी अंगातील पाणी आटलेले असते. या तिहेरी माऱ्यापुढे मूत्रपिंड हतबल होते. व्हायवॅक्स जातीचा हिवताप सौम्य मानला जाई. परंतु त्यातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ साली दाखवून दिले.

मात्र यात आशेलाही मोठी जागा आहे. ही इजा बहुधा कायमची नसते. काही दिवस वा काही आठवडे रोग्याला डायलिसिसच्या आधाराने जगविले, तर मूत्रपिंड पुन्हा कामाला लागते. औषधेही सुधारली आहेत. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गंभीर हिवतापात क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के रोगी दगावले, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. म्हणजे उपाय आहेत. रोगी त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचत नाही, हे आपले खरे दुखणे आहे.

प्रत्येक तापकऱ्याच्या इतक्या तपासण्या कशा परवडाव्यात, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु लघवी मोजावयास कोणते यंत्र लागते? खुणा केलेली एक बाटली पुरते. प्रौढ रोग्याची लघवी चोवीस तासांत ४०० मिलिलिटरच्या खाली गेली, किंवा तिचा रंग कोऱ्या चहासारखा काळपट झाला, तर एक दिवसही दवडता कामा नये. रक्तातील क्रिएटिनिन ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की जागतिक आरोग्य संघटना तो हिवताप गंभीर समजते. ही तपासणीही आज दुर्मिळ राहिलेली नाही.

घरच्यांचेही काही कर्तव्य आहे. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आधीच शिणलेल्या मूत्रपिंडावर आघात करतात. सलाइनच्या बाटल्यांचा आग्रह धरणेही बरे नव्हे. लघवी बंद असताना अतिरिक्त पाणी फुप्फुसांत साठून रोगी गुदमरतो. प्राइमाक्वीन हे औषध तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊच नये. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू लागतात.

यात सर्वांत अधिक भरडला जातो तो श्रमिक. गोव्यात हिवतापाचा फैलाव झाला तेव्हा बांधकामांवर साठविलेल्या पाण्यात वाढणारा स्टीफेन्साय जातीचा डास आणि तेथे राबणारा परगावचा मजूर, ही जोडी पुन्हा पुन्हा पुढे आली. एक दिवस खाडा झाला तर चूल पेटत नाही, असा मनुष्य अंगावर ताप काढतो आणि लघवी थांबल्यावर दवाखान्याचा रस्ता धरतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तापाच्या रोग्याचे रक्त त्याच दिवशी तपासले जावे. हिवताप ठरलेल्या प्रत्येकाच्या लघवीची नोंद ठेवली जावी. आणि डायलिसिसची गरज दिसताच रोग्याला तेथवर नेण्याची व्यवस्था तालुक्याच्या रुग्णालयाने आधीच सिद्ध ठेवावी. २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचा संकल्प भारताने सोडला आहे. तो सिद्धीस जाईतो जे रोगी अंथरुणावर पडतील, त्यांची मूत्रपिंडे राखणे हे त्या संकल्पाचेच अंग आहे, याचा विसर शासनाला, डॉक्टरांना आणि आपणा नागरिकांना पडू नये.