‘म्हाताऱ्यांचे संगीत’ हा शिक्का कोण मारते?

के. आर. पुरमला संगीताचे गाव असे कोणी म्हणणार नाही. शेजारच्या दूरवाणीनगरात १९४८ साली स्थापन झालेला सरकारी टेलिफोन कारखाना, रेल्वेची डिझेल इंजिनांची शेड, रुळांवरून जाणारा तारांनी तोललेला पूल आणि टिन फॅक्टरीच्या चौकातली न संपणारी वाहतूक कोंडी, ही बेंगळुरूच्या या पूर्व उपनगराची ओळख. तरीही येथे कोणत्याही संध्याकाळी एखाद्या दुकानावरच्या खोलीतून विजेच्या गिटारचा आवाज ऐकू येतो. त्यांपैकी एका खोलीत माझा सतरा वर्षांचा भाचा वाजवतो. जे वाजवतो ती गाणी त्याच्या जन्माच्या पंचवीस-तीस वर्षे आधीची आहेत.

मध्यंतरी मी त्याला सांगितले, की नव्वदच्या दशकापासून वाजवणारा या शहरातला एक वाद्यवृंद शनिवारी कार्यक्रम करतो आहे, तो जाऊन ऐक. तो म्हणाला, ‘‘मामा, ते म्हाताऱ्यांचं संगीत आहे.’’ मी दुखावलो, हे कबूल करतो. त्याने लगेच खुलासा केला : ‘‘वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण ते पबमध्ये वाजवतात. एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मला दारातूनच परत पाठवतात. तिथे तुम्हीच लोक जाता. मग ते तुमचंच संगीत नाही का?’’

या उत्तराने माझा प्रश्नच बदलला. वयस्क झालेल्या रॉक वाद्यवृंदांना तरुण पिढी मोडीत काढते का, असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा तो अभिरुचीचा प्रश्न आहे असे गृहीत धरतो. माझ्या भाच्याने दाखवून दिले, की तो बऱ्याच अंशी प्रवेशद्वाराचा प्रश्न आहे. आणि प्रवेशद्वारावरचे नियम अभिरुची ठरवत नाही, शासन ठरवते.

अभिरुचीच्या बाबतीत पुरावा काय सांगतो, ते आधी पाहू. एप्रिल २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर गायले, तेव्हा मिक जॅगर साठीला टेकले होते. मार्च २००७ मध्ये त्याच मैदानावर ‘आयर्न मेडन’ आले. १९७५ साली स्थापन झालेला हा संघ. त्यातील वादक पन्नाशीच्या आसपासचे. त्या गर्दीत मी होतो आणि माझ्या आजूबाजूला माझ्या वयाचे लोक शोधावे लागत होते. काळे टी-शर्ट घातलेली, शब्द न् शब्द पाठ असलेली मुले वादकांच्या निम्म्या वयाचीही नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ने नवी मुंबई आणि अहमदाबाद येथे कार्यक्रम केले, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम निघून पंचवीस वर्षे होत आली होती आणि चौघेही कलावंत पंचेचाळिशी ओलांडलेले होते. त्यांना कोणी म्हातारे म्हटले नाही. उलट पंतप्रधानांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला आणि राज्याराज्यांत त्यासाठी चढाओढ लागली.

म्हणजे वय हा अडथळा नाही. आपल्याकडे तर तो कधीच नव्हता. मल्लिकार्जुन मन्सूर यांना खरी देशव्यापी मान्यता मिळाली ती उतारवयात. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्या उत्तरायुष्यातील गायनाकडे रसिकांनी घसरण म्हणून पाहिले नाही. परिपक्वता म्हणून पाहिले. धारवाड-हुबळीपासून पुण्यापर्यंतच्या पट्ट्यात वय वाढणे म्हणजे गाणे मुरणे, अशीच समजूत आहे. जुने शब्दही तरुणांना जड वाटत नाहीत. बेंगळुरूचे रघू दीक्षित एकोणिसाव्या शतकातील संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदे गिटारच्या साथीने गातात. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा संघ संतांचे अभंग ड्रमच्या ठेक्यावर गातो. आणि दोन्हीकडे श्रोते विशीतले असतात. दिल्लीत १९९० साली उभा राहिलेला ‘इंडियन ओशन’ हा संघ घ्या. त्याचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि नर्मदाखोऱ्यातून आलेले ‘मा रेवा’ २०००च्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये आहे. हे गाणे महाविद्यालयांच्या मैदानांवर वाजले, म्हणूनच ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले.

येथेच मुद्द्याची गाठ आहे. कोणतेही संगीत पुढच्या पिढीकडे जाते ते ऐकण्याच्या जागेतून. ती जागा सर्व वयांसाठी खुली असेल तर जुने संगीत जिवंत राहते. ती केवळ प्रौढांची झाली तर श्रोते आणि वादक एकत्रच म्हातारे होतात. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत महाविद्यालयीन महोत्सव होते, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा विनामूल्य ‘फ्रीडम जॅम’ होता. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’सारखा संघ १९९६ साली उभा राहिला तो याच वातावरणात. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. धोबीतलावच्या रंगभवनात शाळकरी मुलेही बाकांवर उभी राहून ऐकत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवन अशा कार्यक्रमांना बंद झाले. रुग्णालय आणि महाविद्यालय शेजारी असताना तो नियम लागू होणे समजण्यासारखे होते. पण एक जागा गेल्यावर तिच्या बदल्यात दुसरी जागा उभी करावी, हे मात्र कोणाला सुचले नाही.

मग संगीत गेले कोठे? मद्यालयात. कारण तेथे परवाना, पैसा आणि छप्पर हे तिन्ही आधीच होते. बेंगळुरूत २००५ चा सार्वजनिक करमणूक स्थळांविषयीचा परवाना आदेश कॅबरे, डिस्कोथेक आणि ‘लाइव्ह बँड’ यांना एकाच सूत्रात बांधतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये तो वैध ठरवला. न्यायालयाचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी परवाना मागण्याचा अधिकार पोलिसांना असलाच पाहिजे. चूक वर्गीकरणात आहे. तीन जण बसून गिटार वाजवतात ती जागा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा नृत्यमंच यांची जोखीम सारखी नसते. दोघांना एकच कागदपत्रे लागत असतील, तर ती जमवणे मद्यविक्रीतून कमावणाऱ्यालाच परवडते. अशा रीतीने संगीत दारूच्या दुकानाचे उपांग बनते आणि मद्यासाठी असलेली वयाची अट आपोआप संगीताला लागू होते. सतरा वर्षांच्या मुलाने दारू पिऊ नये, याविषयी दुमत नाही. त्याने गाणे ऐकू नये, असे मात्र कोणत्याही विधिमंडळाने ठरवलेले नाही. ते नकळत ठरून गेले आहे.

दुसरे टोक पैशाचे आहे. ‘कोल्डप्ले’च्या मुंबई कार्यक्रमाची तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. ज्याला परवडते त्याने जरूर जावे. पण करप्रणाली पाहा : संगीत कार्यक्रमाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर नाही, त्यापुढे १८ टक्के. ही मर्यादा २०१८ साली ठरली. त्यानंतर सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा, वाहतूक हे सगळे महागले. मर्यादा जागेवरच राहिली. तीनशे श्रोत्यांचा छोटा कार्यक्रम आणि पन्नास हजारांचा सोहळा आज एकाच दराखाली येतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला : अनेक जुने वाद्यवृंद खरोखरच स्वतःच्या आठवणी विकतात, तीच दहा गाणी, तोच क्रम. तरुणांनी त्यांना नाकारले तर बिघडले कुठे? काहीच नाही. पण नाकारण्यासाठीही आधी ऐकावे लागते. न ऐकता नाकारणे ही अभिरुची नव्हे. शिवाय ज्या वादकासमोर वर्षानुवर्षे त्याच्याच वयाचे, तीच जुनी फर्माईश करणारे श्रोते असतात, तो नवे कशासाठी रचील? साचलेपणाचा दोष वादकाचा असतो, तसा बंद खोलीचाही असतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन अकरा जण मरण पावले. त्यानंतर गर्दीला परवानगी देताना पोलिसांचा हात आखडला, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण या दुर्घटनेचा धडा छोट्या कार्यक्रमांच्या बाजूचा आहे. एका ठिकाणी लाखोंची गर्दी खेचणाऱ्या सोहळ्यापेक्षा, वीस ठिकाणी तीनशे-तीनशे माणसांची संध्याकाळ सांभाळणे सोपे असते. ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ची आपली कल्पना मात्र अजून स्टेडियमच्या मापाचीच आहे.

करायचे काय, ते फार खर्चिक नाही. छोट्या आसनक्षमतेच्या, मद्यविक्री नसलेल्या संगीतस्थळांसाठी वेगळा, साधा आणि ठरावीक मुदतीत मिळणारा परवाना असावा. जेथे मद्यविक्री आहे तेथेही संध्याकाळी काही तास मद्याविना, सर्व वयांसाठी कार्यक्रम करण्याची सोय असावी. करमुक्त तिकिटाची मर्यादा महागाईशी जोडावी. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतील रात्री दहाची मर्यादा मला मान्य आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवानेही रात्रभराची मैफल सोडून ती स्वीकारली आणि तो टिकला. पण राज्यांना वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देता येते, तिच्या वाटपात संगीताच्या छोट्या महोत्सवांनाही वाटा मिळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रत्येक प्रभागात एक खुला रंगमंच. सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूच्या पाच महापालिका झाल्या, के. आर. पुरम आता पूर्व महापालिकेत आहे. नव्या संस्थेला रस्ते, पाणी, कचरा यांची चिंता आधी असणार, हे खरेच. पण उड्डाणपुलाच्या खर्चापुढे एक चौथरा, छप्पर आणि वीजजोडणी यांचा खर्च नगण्य आहे.

हा प्रश्न केवळ रॉकचा नाही. नाट्यसंगीत, शाहिरी, यक्षगान यांच्याविषयीही आपण ‘आता कोण ऐकतो?’ असे सहज विचारतो आणि उत्तर ऐकण्याआधीच सभागृहाचे वाहनतळ करून टाकतो.

त्या शनिवारी मी एकटाच गेलो. मंचावरचे चौघे पन्नाशीतले, समोरचे आम्ही साठीकडे झुकलेले. उत्तम वाजवले त्यांनी. नवी रचनाही होती. तिला टाळ्या कमी पडल्या, कारण आम्हाला जुनेच हवे होते. घरी परतताना त्या दुकानावरच्या खोलीत अजून दिवा होता आणि माझा भाचा एक जुनी सुरावट चौथ्यांदा-पाचव्यांदा चुकवत होता. ती सुरावट नेमकी कशी वाजते, हे त्याला समोर बसून दाखवू शकणारा माणूस तासाभरापूर्वी त्याच शहरात वाजवत होता. दोघांच्या मध्ये फक्त एक दार होते.