पडदा नको, पुस्तक पुरे

दिवाळी सरून धान खळ्यावर आले की आपल्याकडे नाटकांची विचारपूस सुरू होते. खैरलांजीकडचा रसिक वैनगंगा ओलांडून भंडारा-गोंदियाच्या गावी जातो, रात्रभर बसतो आणि पहाटे कुडकुडत घरी येतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळींनी झाडीपट्टी रंगभूमी जगवली, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावेच लागेल. परंतु या व्यवहारात आपण केवळ प्रेक्षक आहोत. आपल्या पोरांच्या तोंडी सलग दहा मराठी वाक्ये केव्हा येतात, याचा विचार कोणी करायचा?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (अ) हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. त्याच्या आधारे अर्ज करणे सोडू नये. पण उत्तराची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणेही परवडणारे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढे खाल्ले. त्याने सीमेवरच्या एकाही मुलास धडा वाचता आला नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गावात नाट्यवाचन करावे, आणि आरंभ महात्मा फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ने करावा. १८५५ साली जोतीरावांनी हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले. पुढे ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले! आजही त्याचे प्रयोग विरळाच. त्यातला कुणबी आणि त्याची गरोदर बायको जोशीबुवाच्या भूलथापांनी नागवली जातात, मधूनमधून विदूषक वर्मावर बोट ठेवतो, आणि शेवटी ते जोडपे फुले दांपत्याच्या रात्रशाळेत शिकायला निघते. वाचायला शिकण्याचे नाटक वाचूनच दाखवायचे, यापेक्षा उचित आरंभ आम्हांस सुचत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या फुले समग्र वाङ्मयात ते सापडते.

यात खर्च तो काय? पडदा नको, रंगरंगोटी नको, पाठांतर नको. चार खुर्च्या, एक दिवा, प्रतींच्या झेरॉक्स. लिपी हिंदीची तीच, त्यामुळे हिंदी शाळेतले पोर पहिल्याच दिवशी वाचू लागते. अडते ते ‘ळ’ला. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च निराळे, हेही त्यास कोणी सांगितलेले नसते. आजीच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, त्यास हसू नये. कुणब्याच्या तोंडी तो शोभेलच. शिक्षणाचा भाग इथेच आहे. वाक्य कोठे तोडायचे, समोरचा बोलत असता कसे ऐकायचे, जोशीबुवाची गोडी आवाजात कशी आणायची, हे चार तालमींत कळते. तोंडाला रंग लावून स्टेजवर जाण्यास घरचे ज्या मुलींना मोडता घालतात, त्यांना खुर्चीवर बसून वाचायला कोणी अडवणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. माइक सरपंचांच्या किंवा गुरुजींच्या हाती अडकू देऊ नये. पाऊण तासाचे भाषण आणि दहा मिनिटांचे वाचन, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. आणि घरी पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या पोरांनाही भूमिका द्याव्यात. मराठी ही कोणाच्या बोलीवर कुरघोडी करण्यासाठी नाही.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्याची आठवण. पण तेव्हा धान शेतात असते, माणसे रिकामी नसतात. आपण मळणीनंतरचा एखादा शनिवार धरावा. ज्या गावाचे ठरेल त्यांनी आम्हांस एक पत्र टाकावे. वाचणाऱ्या मुलांची नावे आम्ही छापू, पाहुण्यांची नाही.