थंडीत नाली उपसणारे हात



आपल्या भागातली थंडी कशी असते, हे तलमडुगूच्या माणसाला सांगायला नको. आदिलाबाद जिल्हा तेलंगणाच्या उत्तर टोकाला. मध्य भारतातून उतरणारे कोरडे वारे आधी आपल्यालाच गाठतात. जवळच्या भीमपूर मंडलातील अर्ली (टी) गावाचे नाव राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत वरचेवर येते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरले, तर ती थंडीची लाट. अशा दिवसांत आपण काय करतो? कानटोपी घालतो, शेकोटी पेटवतो, आणि शेकोटीभोवती बसून ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराला नावे ठेवतो. "आठ वाजले, अजून झाडू नाही." "ट्रॅक्टर आला नाही." "फुकटचा पगार खातात." हे शब्द आपल्या वाड्यांतून, ओट्यांवरून रोज ऐकू येतात.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. मागच्या एका हिवाळ्यात सकाळी चहाचा पेला हातात घेऊन, अंगावर शाल ओढून आम्ही दारात उभे होतो. नाली तुंबलेली. कामगार उशिरा आला म्हणून आम्ही त्याला चारचौघांत बोललो. तो इतकेच म्हणाला, "सार, पहाटेपासून पाण्याचे वॉल सोडून आलो. बोटं कळंना गेलीत." आणि उघड्या हातांनी फावडे धरून नालीत उतरला. आम्ही घरात आलो, पण तो चहा काही गोड लागला नाही.

त्याचे बोलणे बहाणा नव्हता. 2019 पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायत कामगारांना 'बहुउद्देशीय' ठरवले गेले आहे. झाडू मारणारा, पाणी सोडणारा, दिवे पाहणारा, ट्रॅक्टर चालवणारा अशी वेगवेगळी माणसे नाहीत. ज्याला जे सांगतील ते त्याने करायचे. आपल्या दाराशी तो आठ वाजता दिसतो, म्हणजे त्याचा दिवस आठ वाजता सुरू झाला, असे नव्हे. आपण त्याचा उशीर मोजतो, त्याची पहाट मोजत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करतो. हिशेबाची सवय आहे, म्हणून हिशेबच मांडतो. 2019 मध्ये या कामगारांचे मानधन महिना 8,500 रुपये ठरले. मे 2023 पासून त्यात 1,000 रुपयांची वाढ जाहीर झाली. म्हणजे 9,500. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला 317 रुपयेसुद्धा पूर्ण होत नाहीत. 2025-26 साठी तेलंगणात रोजगार हमीच्या मजुरीचा दर 307 रुपये होता. घाणीत हात घालण्याचे, पहाटे उठण्याचे, दहा कामे सांभाळण्याचे मोल दिवसाला दहा रुपयेही जास्त नाही! पगाराच्या दिवसांत खिडकीसमोर पासबुक घेऊन "जमा झालं का सार?" असे विचारणारी माणसे आम्ही पाहतो. 'नाही' सांगताना त्यांच्याकडे बघवत नाही. 6 जुलै 2023 पासून राज्यभरातील ग्रामपंचायत कामगार महिनाभर संपावर होते. पगारवाढ, नोकरीत कायम करणे आणि ही बहुउद्देशीय पद्धत रद्द करणे, या त्यांच्या मागण्या होत्या. तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी त्या वाचल्या, आणि कितीजणांनी फक्त नाक दाबले?

हा स्वभाव आपलाच आहे असे नाही. न्यूयॉर्क शहरात 26 डिसेंबर 2010 रोजी मोठे हिमवादळ आले, सेंट्रल पार्कमध्ये 20 इंच बर्फ पडला. तिकडे बर्फ उपसण्याचे काम सफाई कामगारांकडेच असते. कित्येक रस्ते अनेक दिवस बंद राहिले. कामगारांनी मुद्दाम काम रेंगाळत ठेवले, असा आरोप एका नगरसेवकाने केला आणि तो देशभर गाजला. पुढे शहराच्या तपास विभागाने चौकशी केली. 2011 च्या अहवालात संगनमताने काम रोखल्याचा पुरावा सापडला नसल्याचे म्हटले. वादळाच्या वेळी शहराने हिम-आणीबाणीच जाहीर केली नव्हती, ही वस्तुस्थितीही समोर होती. म्हणजे निर्णय वरच्यांचा चुकला आणि शिव्या फावडेवाल्याने खाल्ल्या. श्रीमंत शहर असो की आपले मंडल, रीत एकच.

कोणी म्हणेल, सगळेच कामगार काही प्रामाणिक नसतात. मान्य आहे. कामचुकार माणूस बँकेतही असतो, शाळेतही असतो आणि आपल्या घरातही असतो. पण त्याची तक्रार आपण साहेबाकडे करतो, रस्त्यात अरे-तुरे करत नाही. सफाई कामगाराशी बोलतानाच आपली जीभ का सैल होते, याचा जुन्या घराण्यांनी प्रामाणिकपणे विचार करावा. त्या कामामागे जात उभी आहे, हे आपण उघड बोलत नाही, पण आपल्या आवाजात ते उतरते. असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण स्वतःला संतांचे वारस म्हणवतो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. बाबांनी देह ठेवला तो 20 डिसेंबर 1956 रोजी, ऐन थंडीत. दरवर्षी त्या दिवशी आपण फोटोला हार घालतो आणि त्याच सकाळी खराटा धरणाऱ्यावर खेकसतो. 22 मार्च 2020 रोजी आपण थाळ्याही वाजवल्या होत्या. थाळीने हात गरम होत नाहीत.

मग करायचे काय? फेब्रुवारी 2024 पासून जवळपास दोन वर्षे आपल्या ग्रामपंचायतींवर विशेष अधिकारी होते. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि आता पुन्हा आपण निवडून दिलेले सरपंच आहेत. त्याच थंडीत सकाळी सातपासून आपण मतदानाच्या रांगेत उभे होतो. मत मागायला दारी आलेल्यांना आता आपण ग्रामसभेत तीन गोष्टी मागाव्यात.

पहिली, थंडीच्या लाटेत झाडलोट व नाली उपसण्याचे काम ऊन पडल्यावर सुरू व्हावे आणि तशी दवंडी द्यावी, म्हणजे उशिराचा वादच राहणार नाही. दुसरी, प्रत्येक कामगाराला रबरी बूट, जाड हातमोजे, स्वेटर व कानटोपी हिवाळ्याआधी मिळावी. आमच्या अंदाजाने माणशी दीड हजारांत हे होते. चार कामगार धरले तर सहा हजार. एका बारशाच्या मंडपाचा हा खर्च. पंचायतीने टाळाटाळ केली तर मंडळाच्या वर्गणीतून करावा. तिसरी, पगार ठरल्या तारखेला जमा व्हावा आणि झाला नाही तर ग्रामसभेत त्याचे कारण सांगितले जावे.

चौथी गोष्ट मागायची नाही, आपणच करायची. उद्या सकाळी तो दारासमोर आला की त्याला नावाने हाक मारावी, शेकोटीजवळ बोलवावे आणि आपल्याच कपात चहा द्यावा. वेगळ्या कपात नव्हे. तो मराठी बोलतो, तेलुगू बोलतो की गोंडी, हे विचारायची गरज नाही. थंडी सगळ्यांना एकाच भाषेत वाजते.

विचार व्हावा, ही नम्र विनंती.