शबे कद्रच्या रात्री ओव्हन का घासायचा?

रमजानचे वीस रोजे झाले की नगरच्या कापड बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. शेवया, सुकामेवा, अत्तर, बांगड्या, मुलांचे कपडे अशी इफ्तारनंतर सुरू झालेली खरेदी रात्री उशिरापर्यंत चालते. याच दिवसांत मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला ते पार भिंगारपर्यंत घराघरांत आणखी एक काम निघते. ते म्हणजे ईदची साफसफाई. पडदे उतरतात, पंखे पुसले जातात, डबे घासून उन्हात पालथे पडतात. आणि सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा चांदरातीलाच, कुणाचे तरी लक्ष ओव्हनकडे जाते.

घरात ओव्हन असणे ही तशी अलीकडची गोष्ट. पूर्वी नानखटाईचे पीठ घरी मळायचे, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि गल्लीतल्या बेकरीत भाजायला द्यायचे अशी रीत होती. दिवाळीला हिंदू घरांतले ट्रे जात, ईदला मुस्लिम घरांतले. भट्टी एकच. आता ओट्याच्या कोपऱ्यात छोटा ओटीजी बसलेला असतो. तळण कमी खावे म्हणून समोसे त्यात भाजले जातात, कबाब शेकले जातात, मसाला लावलेली कोंबडी जाळीवर ठेवली जाते. हेतू चांगला आहे, पण कढईत राहणारे तेल आता ओव्हनच्या भिंतींवर उडते. चरबीचे थेंब तापलेल्या कॉइलवर पडून धूर होतो, तो धूर काचेवर बसतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा नवा थर चढतो. विसाव्या रोज्यापर्यंत आतला पदार्थ भाजला की करपला, हे काचेतून कळेनासे होते.

हा थर घासायला कोण बसते? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले आहे. जिने पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सहरी केली, सुमारे तेरा तास पाण्याचा घोट न घेता संध्याकाळी दहा जणांची इफ्तार मांडली आणि रात्रीचे जेवण आवरले, तीच. आणि कधी? नेमक्या अखेरच्या दहा रात्रींत. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर रमजानचे शेवटचे दहा दिवस सर्वांत मोलाचे मानले जातात. त्यांतल्या 21, 23, 25, 27 आणि 29 या विषम रात्रींपैकी एक शबे कद्र असते, हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानलेली रात्र. काही पुरुष या दिवसांत एतेकाफसाठी मशिदीत मुक्काम करतात. या रात्रींत पैगंबर साहेब स्वतः जागत आणि घरच्यांनाही जागवत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. जागवत ते इबादतीसाठी. ओव्हनची जाळी खरवडण्यासाठी नव्हे. घरातल्या बाईच्या वाट्याला ही रात्र हातात तारेची घासणी घेऊन येत असेल, तर त्या घराने आपले वेळापत्रक एकदा तपासून पाहायला हवे.

यावर बाजाराचे उत्तर तयार असते. एक फवारा मारा, दहा मिनिटे थांबा, पुसून घ्या. या जालीम फवाऱ्यांपैकी अनेकांत कॉस्टिक सोडा असतो. तो तेल कापतो यात शंका नाही, पण कातडीही कापतो आणि डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. बंद स्वयंपाकघरात, उपाशीपोटी, कोरड्या घशाने त्याची वाफ नाकात घेण्याची काही गरज नाही. त्याहून वाईट सवय म्हणजे घाईच्या वेळी जे हाताला लागेल ते एकत्र करणे. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू फुप्फुसांना इजा करतो. हे मिश्रण कितीही थोडे असले तरी करायचे नाही, आणि ही गोष्ट घरातल्या मुलांनाही माहीत असायला हवी.

खरे तर ओव्हन साफ करण्याचे सामान घरातच असते. फक्त त्याला जोर नको, वेळ हवा.

तेल तापत राहिले की त्याचे कण एकमेकांना जोडले जाऊन रोगणासारखा कडक थर तयार होतो. म्हणून नुसत्या साबणाने तो निघत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरले तर हा चिकटपणा आणखी वाढतो. वारंवार तापलेल्या तेलात साठणाऱ्या अशा द्रव्यांवर देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे ते तेल खाण्यास अयोग्य. इफ्तारच्या भज्यांचे तेल तिसऱ्या-चौथ्या दिवशीही कढईत तसेच ठेवणाऱ्यांनी ओव्हनच्या काचेकडे पाहावे. जे तिथे बसले आहे, तेच पोटातही जाते.

अशा तापलेल्या तेलात काही आम्ले सुटी होतात. त्यांना क्षार भेटला की साबण बनतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. खाण्याचा सोडा सौम्य क्षार आहे, धुण्याचा सोडा त्याहून तेज. जुन्या काळी चुलीतली राख घेऊन नारळाच्या शेंडीने भांडी घासत, त्यामागेही हेच होते, कारण लाकडाच्या राखेत क्षार असतो. क्षाराला विज्ञानाच्या पुस्तकात अल्कली म्हणतात, तो शब्द अरबी 'अल-कली'वरून आला. कली म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. ही राख, चुना आणि ऑलिव्हचे तेल शिजवून पॅलेस्टाईनच्या नाब्लुस शहरात शतकानुशतके साबण होत आला. नाब्लुसचा आणि सीरियातल्या अलेप्पोचा साबण 2024 साली युनेस्कोच्या वारसा यादीतही गेला. मराठीतल्या साबणाचे नातेही अरबी-फारसीतल्या साबूनशीच आहे. आजीच्या राखेला मागासलेले म्हणून हसणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इफ्तार आटोपली की ओव्हनची पिन काढावी आणि तो पूर्ण थंड होऊ द्यावा. जाळ्या आणि खालचा ट्रे बाहेर काढून त्यांवरचे सुटे तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावे. (कालचा अंक चालेल, आजचा वाचून झाला असेल तर.) हे तेल मोरीत ओतले तर ते पाइपात थिजते आणि ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर मोरी तुंबते. स्टीलच्या जाळ्या टबमध्ये गरम पाणी आणि दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवाव्यात, हातात रबरी मोजे घालून. ट्रे अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो मात्र यात टाकू नये. सोड्याने अ‍ॅल्युमिनियम काळे पडते आणि झिजते. त्याला साधा भांड्यांचा साबण आणि गरम पाणीच बरे.

काचेसाठी अर्धी वाटी खाण्याचा सोडा घेऊन त्यात दोन-तीन चमचे पाणी घालावे. इडलीच्या पिठाएवढे दाट झाले की काचेवर जाडसर लेप द्यावा. आतल्या भिंतींवर काळे मिन्याचे आवरण असेल तर तिथेही द्यावा. कॉइल, तापमान मोजणारी नळी आणि हवेची भोके यांना तो लागू देऊ नये. काही ओटीजींचा आतला पत्रा चंदेरी असतो, त्याला बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो. तिथे लेप रात्रभर ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, ओल्या फडक्यावर साबण घेऊन पुसून काढावा. बाकी लेप लावून झाला की दार ओढून घ्यावे आणि खुशाल तरावीहला जावे. पुढचे काम सोडा करतो.

सहरीला उठल्यावर लेप वाळलेला आणि तपकिरी झालेला दिसेल. तो ओल्या फडक्याने पुसावा. जिथे अडला तिथे प्लॅस्टिकचे जुने कार्ड चालते, सुरी नाही, काचेवर ओरखडा उठतो. मग उरलेल्या पांढऱ्या डागांवर पाणी मिसळलेला शिरका, म्हणजे व्हिनेगर, शिंपडावा. फेस येतो आणि सोडा सुटतो. इथे एक गैरसमज काढून टाकलेला बरा. बरेच जण सोडा आणि शिरका आधीच एका वाटीत मिसळतात, फसफस पाहून खूश होतात आणि तेच पाणी ओव्हनला लावतात. फसफस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. दोघांनी एकमेकांचा जोर तिथेच संपवलेला असतो, उरते ते जवळपास खारे पाणी. आधी सोडा, रात्रभर. शिरका सकाळी, शेवटी. मायक्रोवेव्हचे काम तर याहून सोपे. काचेच्या वाडग्यात पाणी, लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटे उकळू द्यावे, पाच मिनिटे दार बंदच ठेवावे, मग आत नुसते फडके फिरवले तरी पुरते.

ज्या वसाहतींत बोअरचे पाणी वापरतात तिथे आणखी एक अडचण येते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरट साका जाळीला चिकटतो. मग गृहिणीला वाटते की आपलेच घासणे कमी पडले. दोष पाण्याचा असतो. बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवला की जडपणा खाली बसतो आणि साबण कामाला लागतो. भांडी विसळायला मात्र नळाचे पाणी राखून ठेवावे.

या सगळ्यात हाताचे काम फार तर पाऊण तासाचे आहे. लेप लावणे पंधरा मिनिटे, पुसणे अर्धा तास. मग ते त्या एकाच व्यक्तीने का करायचे? पैगंबर साहेब घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयेशा यांनी सांगितले होते की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस पुरुषांच्या तोंडून फारशी ऐकू येत नाही. इफ्तारला फळे कापणारे, सरबत घोळणारे तरुण नगरमध्ये आता बरेच दिसतात, हे चांगलेच आहे. पण फळे कापणे सगळ्यांसमोर होते आणि कौतुकही होते. ओव्हन पुसणे कुणाला दिसत नाही. म्हणूनच ते काम वाटून घ्यायला हवे. दहावीची परीक्षा संपलेला मुलगा किंवा दुकान वाढवून आलेला भाऊ तरावीहून परतल्यावर हा लेप लावू शकतो. त्याला "जरा मदत कर" म्हणण्यापेक्षा ते काम त्याच्याच नावावर करून टाकावे. मदत म्हटली की उपकार होतो.

आणि दिवस निवडावा तो विसाव्या रोज्याच्या आधीचा. त्यानंतर ओव्हनमध्ये काही भाजले तर ट्रेवर भाजणीचा कागद घालावा आणि ओव्हन कोमट असतानाच पिन काढून ओल्या फडक्याचा हात फिरवावा, म्हणजे नवा थर कडक होत नाही. हे शेजारच्या घरालाही सांगण्यासारखे आहे. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला आली होती. त्या आठवड्यात नगरच्या कितीतरी वाड्यांत भिंतीच्या अल्याडपल्याड एकाच वेळी डबे घासले जात होते, आणि दोन्हीकडे घासणारे हात बहुधा बायकांचेच होते. दिवाळीच्या फराळानंतर शेगडीवर बसणारा चकलीच्या तेलाचा राप आणि रमजानच्या ओव्हनमधला राप यांत फरक काही नाही.

पुसून झाल्यावर ओव्हनचे दार तासभर उघडे ठेवून आत कोरडे होऊ द्यावे. मग तो रिकामाच 150 अंशांवर दहा मिनिटे तापवावा, खिडकी उघडी ठेवून. एखाद्या कोपऱ्यात सोडा राहिला असेल तर तो तेव्हाच पांढरा होऊन दिसतो. तो पुसल्याशिवाय नानखटाईचा ट्रे आत सरकवू नये, नाहीतर पहिल्या घाण्याला साबणाची चव लागते.